हानाचं ताट

हाना पेटीत कुशीवर पडली होती. तिची मान मागे पाठीकडे इतकी वळली होती की ती आता मोडते असं वाटत होतं. चारही पाय ताठ, तोंडाला फेस. तिच्या पोटाशी दोन पिल्लं दूध शोधत होती. झटका आला की पिल्लं बाजूला फेकली जायची, आणि झटका ओसरला की पुन्हा सरपटत तिथेच यायची. आमच्या मत्स्यालयातल्या प्राण्यांचा मुख्य माणूस, इशिदा-सान, पेटीचं झाकण दोन्ही हातांत धरून उभा होता. ते खाली ठेवायचं त्याला सुचत नव्हतं.

"काल संध्याकाळी चालत होती," तो म्हणाला. "वाकडी चालत होती, पण चालत होती."

"पिल्लं आधी बाहेर काढा," मी म्हटलं. "आईच चिरडून टाकेल त्यांना."

माझ्या मागे मुग्धा सकाळचं ताट घेऊन उभी होती. ताटातून तिच्या बुटांवर पाणी ठिबकत होतं. "काकू, काय झालं? काकू, काय म्हणतायत ते सांगा ना," ती मराठीत विचारत राहिली. इशिदा-सानने शेवटी झाकण खाली ठेवलं, टॉवेलात एक पिल्लू घेतलं आणि दुसरं माझ्याकडे दिलं. माझ्या हातात धाकटं आलं. ओल्या मोज्याएवढं होतं, आणि थंड.

हाना म्हणजे पाणमांजर. मालवणच्या बाजूला, आमच्या खाडीत, याला हूद म्हणतात. माझा बाप हुदाच्या नावाने शिव्या घालायचा. "हूद इलो रे, जाळा फाडल्यान!" हे मी लहानपणी इतक्यांदा ऐकलं, की हूद म्हणजे चोर, एवढंच मला ठाऊक होतं. रात्रभर मेहनत करून लावलेल्या जाळ्यातला चांगला मासा तेवढा खायचा, डोकं ठेवायचं आणि जाळ्याला भगदाड पाडून जायचं. त्याच्याच भाऊबंदांना मी पुढे आयुष्याची इतकी वर्षं मासे कापून घातले, हे बापाला कळलं असतं तर त्याने मला खाडीत ढकललं असतं.

हानाची जात आफ्रिकेतली. तिकडच्या मोठ्या तळ्यांत आणि नितळ नद्यांत राहते. आपल्या हुदापेक्षा लहान. शेपटीसकट दोन हात लांब, आणि वजनाला भरल्या कळशीपेक्षाही कमी. गडद तपकिरी अंग आणि गळ्यावर पांढरट-पिवळे ठिपके, दुधाचे शिंतोडे उडाल्यासारखे. दोघांच्या गळ्यावरचे ठिपके कधी सारखे नसतात. त्यावरूनच आम्ही कोण कुठलं ते ओळखायचो. हानाच्या गळ्यावर एक मोठा डाग आणि त्याखाली बारीक बारीक ठिपक्यांची ओळ होती.

तोक्योतल्या मराठी मंडळींच्या दिवाळी अंकाच्या संपादकबाई मला म्हणाल्या, "काकू, जपानातल्या आठवणी लिहा ना. साकुरा, बर्फ, असं काहीतरी." साकुरा मीही पाहिला. पण त्या दिवसांत बागा बघणाऱ्यांची गर्दी असायची आणि आमचं काम दुप्पट व्हायचं. मला फुलांपेक्षा मासेच जास्त आठवतात. माझं शिक्षण चौथीपर्यंत झालंय. जे केलं तेच लिहिणार.

माझा नवरा तोक्योत एका हिंदुस्थानी हॉटेलात आचारी होता. त्याच्या मागे मी मुलाला घेऊन आले. मुलगा शाळेत जायला लागल्यावर घरात बसून करायचं काय? आधी डब्याच्या कारखान्यात गेले. पट्ट्यावरून डबे यायचे आणि मी प्रत्येकात एक लोणच्याचा तुकडा ठेवायचे. दिवसभर लोणचं. तिथे कुणी बोलत नसे. मग शेजारणीने सांगितलं, की चिबाच्या किनाऱ्यावर एक लहानसं मत्स्यालय आहे, तिथे मासे कापायला बाई हवी आहे, अर्धवेळ. इशिदा-सान तेव्हा तरुण होता. त्याने मला काही विचारलं नाही. माझ्यापुढे बांगड्यांचं खोकं ठेवलं आणि सुरी दिली. मी ते खोकं संपवलं. तो म्हणाला, "अशिता-कारा." म्हणजे उद्यापासून.

बाहेरच्या माणसाला वाटतं, मत्स्यालय म्हणजे काचा, निळं पाणी आणि पोरांचा कालवा. आमचं मत्स्यालय मागच्या दाराने सुरू व्हायचं. चाऱ्याची खोली, लांब पोलादी ओटा, वितळणाऱ्या बर्फाचा वास आणि खोलीएवढा फ्रीझर. सकाळी त्याचं दार उघडलं की पायाशी पांढरी वाफ लोळायची. इशिदा-सान पलीकडच्या खोलीत रेडिओ लावायचा आणि रेडिओबरोबर चुकीच्या सुरात गायचा. ती खोली, ती वाफ आणि ते बेसूर गाणं मला अजून हवं आहे. माणसाला काय काय हवंसं वाटेल याला धरबंध नाही.

काम सांगायला सोपं आहे. गोठवलेला मासा रात्री फ्रिजमध्ये ठेवायचा, त्याचा बर्फ हळूहळू सुटू द्यायचा. सकाळी एकदा भरभर धुवायचा. पोट फुटलेला, डोळा पिवळा पडलेला बाजूला काढायचा. माणसाला चालेल तोच मासा जनावराला. मग कापायचं. सीलला अख्खा, पेंग्विनला डोक्याकडून गिळता येईल असा, पाणमांजराला लहान आणि ताजा, कारण ते चावून खातं. पाणमांजराचं पोट म्हणजे उघडी मोरी. खाल्लेलं दोन-तीन तासांत बाहेर. त्याच्या अंगावर सीलसारखी चरबी नसते. दाट लव असते, त्या लवेत हवा अडकून राहते आणि तीच त्याला पाण्यात ऊब देते. लव मळली की पाणी कातडीला लागतं आणि जनावर गारठून मरतं. म्हणून ते सारखं अंग घासत, चाटत बसतं. लोकांना वाटतं, नखरे करतंय. नखरे नाहीत, पोटापाण्याचं काम आहे ते. आणि ऊब राखायची तर सारखं खायला लागतं. एक वेळचं चुकलं तर चालत नाही.

शेवटचं काम गोळीचं. गोठवलेल्या काही माशांत असं काही असतं, की ते जनावराच्या अंगातलं एक जीवनसत्त्व खाऊन टाकतं. बी-वन म्हणतात त्याला. ते कमी पडलं की मेंदूवर जातं. म्हणून रोज गोळीचे तुकडे करून माशाच्या कल्ल्याखाली दाबून ठेवायचे. जनावराला कळतही नाही.

आणि मग जपानी पद्धत. इथल्या आगगाडीचा ड्रायव्हर सिग्नलकडे बोट दाखवून मोठ्याने बोलतो, ते तुम्ही पाहिलं असेल. आमच्याकडेही तसंच. ताट तयार झालं की प्रत्येक गोष्टीकडे बोट दाखवायचं आणि ओरडायचं. "मासा, योशी! वजन, योशी! बितामिन, योशी!" योशी म्हणजे ठीक, आणि बितामिन म्हणजे व्हिटॅमिन, ती गोळी. पहिले काही दिवस मला वेड लागल्यासारखं वाटायचं. बांगड्याकडे बोट दाखवून ओरडायचं म्हणजे काय? मग सवय झाली. घरी भात शिजला की "भात, योशी" म्हणायचे. नवरा म्हणायचा, "आता मला पण बोट दाखव एकदा, मी ठीक आहे का बघ." तो गेला त्याला बरीच वर्षं झाली.

पलीकडच्या खोलीत इशिदा-सान आमचं ओरडणं ऐकायचा. बितामिन ऐकलं की रेडिओ बंद करून ताटं न्यायला यायचा.

या कामाचा एक फायदा होता. संध्याकाळी ग्योतोकुला घरी परत येताना तोझाई लाइनच्या गाडीला कितीही गर्दी असली तरी मला बसायला जागा मिळायची. मी बसले की दोन्ही बाजूंची माणसं पुढच्या स्टेशनला उतरायची. नातू दारातच नाक धरून जपानीत ओरडायचा, "ओबाचान, कुसाई!" घाण वास, म्हणजे. मी त्याला मराठीत सांगायचे, "याच वासावर तुझा बाप शिकला."

एकदा रविवारी एक मराठी कुटुंब आलं होतं. तोयोसूला आयटीचं ऑफिस असलेल्यांपैकी. मी काचेच्या आतून बादली घेऊन जात होते. बाप पोराला म्हणाला, "हे बघ बाळा, मुंगूस. पाण्यातलं मुंगूस." पोरगं जपानीत म्हणालं, "चिगाउ! कावाउसो!" नाही, पाणमांजर. पोराचं बरोबर होतं. मग बाईने मला ओळखलं. गणपतीत भेटलो होतो. बाहेर आले तर म्हणाली, "काकू, तुम्ही इथे? म्हणजे... मासे कापता?"

"मग काय, कोडिंग करू?" मी म्हटलं.

तीच मुग्धा. नवरा पुण्याचा, हीही पुण्याची, दोघंही जन्माचे शाकाहारी. दुसऱ्या आठवड्यात तिने फोन केला. "काकू, तुमच्याकडे काही काम आहे का? मला प्राणी आवडतात. घरात वेड लागायची पाळी आली आहे."

"तिथे प्राणी कमी आणि मेलेले मासे जास्त आहेत," मी सांगितलं.

"करीन," ती म्हणाली.

पहिल्या दिवशी तिने दोन हातमोजे एकावर एक घातले, मास्क लावला आणि नाकाखाली बाम चोळला. बांगडा हातात घेतला आणि तशीच उभी.

"काय गो, काय झालं?"

"काकू, हा बघतोय माझ्याकडे."

"मेलाय तो. तू काप."

"सासूबाईंना मी ऑफिसात काम आहे म्हणून सांगितलंय."

"खोटं काय त्यात? त्यांना सांग, माशांच्या फायली करते."

हसली आणि कापला. वाईट कापला, पण कापला. महिन्याभरात चांगला कापायला लागली. तिचा नवरा तिला म्हणायचा, तुझ्या हाताला बंदराचा वास येतो. ती म्हणायची, मग हात धरू नकोस. घरी जाऊन डोक्यावरून अंघोळ करायची आणि मगच स्वयंपाकघरात पाय ठेवायची. इशिदा-सानला तिचं नाव नीट घेता येत नसे, तो तिला मुगुदा-सान म्हणायचा. तिला जपानी जेमतेम यायचं. पण "योशी" मात्र अशी ठणठणीत म्हणायची, की सील मान वर करायचे.

तिचा जीव हानावर होता. हानाच्या आधीच्या बाळंतपणाच्या वेळी आम्ही दोघी होतो. पाणमांजराचं पिल्लू जन्मतः आंधळं असतं, आणि डोळे उघडले तरी पाण्याला घाबरतं. पोहणं त्याला शिकवावं लागतं. नर काही करत नाही, त्याला आम्ही वेगळाच ठेवायचो. आईच पिल्लाच्या मानेला धरून पाण्यात ओढते. ते किंचाळतं, बाहेर पळतं, ती पुन्हा ओढते. मुग्धा काचेला हात लावून रडत होती. "काकू, बुडेल ते! इशिदा-सानना सांगा ना!"

"नाही बुडत. माझ्या बापाने मला असंच खाडीत टाकलं होतं."

"आणि?"

"आणि काय? इथे उभी आहे ना तुझ्यासमोर."

मग माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मला रजा घ्यावी लागली. पाणमांजरांचं ताट मुग्धाकडे आलं. तोवर आमची वाटणी अशी होती, की धुणं-कापणं तिचं आणि गोळी माझी. रजेवर जाताना मी तिला गोळी कुठे दाबायची ते दाखवलं. तिने ते बिनचूक केलं. हाना तेव्हा पुन्हा व्यायली होती, दोन पिल्लं. मी फोन केला की मुग्धा सांगायची, "काकू, हाना खूप खाते. आज सगळं ताट संपवलं." मग एकदा म्हणाली, "आज थोडं टाकलं." मग पुन्हा, "आजही टाकलं. दमलीय बिचारी, दोघांना पाजते ना." इशिदा-सानलाही तसंच वाटलं होतं. दमणारच, बाळंतीण आहे.

मी कामावर परत आले त्याच सकाळी हाना पडली.

आमच्या डॉक्टरीणबाई, मोरी-सेन्सेई, शेजारच्या गावातून गाडीने आल्या. त्यांनी हानाला पाहिलं आणि पहिला प्रश्न हाच विचारला, "बितामिन?"

"रोज," इशिदा-सान म्हणाला. "एक दिवस चुकलेला नाही. मी रोज माझ्या कानांनी ऐकतो."

ते खरंच होतं. सगळ्यांनीच ऐकलं होतं. मोरी-सेन्सेईंनी तो विचार बाजूला टाकला. मग पाणी तपासलं. कुठे रंग लावला होता का, कुणी काचेवरून काही फेकलं का, फवारणी झाली होती का, सगळं विचारून झालं. रक्त घेतलं. झटके थांबायचं औषध टोचलं, तेवढ्यापुरती हाना सैल पडली आणि पुन्हा ताठ झाली. सकाळ अशीच गेली. मी एका कोपऱ्यात स्टुलावर बसून, मांडीवर गरम पाण्याची पिशवी ठेवून, दोन पिल्लांना ड्रॉपरने दूध पाजत होते. थोरलं हावरं होतं. ड्रॉपर चावायचं. त्याच्या गळ्याखाली तांदळाच्या दाण्याएवढा एकच ठिपका होता. धाकट्याच्या तोंडातलं दूध बाहेर यायचं. मी त्याचा गळा बोटाने चोळत होते. गिळ, मेल्या, गिळ.

मुग्धा दारात उभी होती. "काकू, मी काही करू का?"

"तिथेच उभी राहा."

शेवटी मोरी-सेन्सेईंना काहीच सापडेना, तेव्हा त्या म्हणाल्या, "आज सकाळी जसं ताट केलंत तसंच माझ्यासमोर करा. पहिल्यापासून. काही सोडू नका." मी ते मुग्धाला मराठीत सांगितलं. पिल्लं इशिदा-सानकडे दिली आणि चाऱ्याच्या खोलीत गेले, कारण बोलणं दोन्हीकडे पोहोचवायला मीच होते.

मुग्धाचं काम नीट चाललं होतं. मासे काढले. एकदा धुतले. फुटलेले बाजूला केले. कापले. गोळी मोडली, एकेका कल्ल्याखाली दाबली. बोट दाखवलं. "मासा, योशी. वजन, योशी. बितामिन, योशी." पलीकडच्या खोलीतून इशिदा-सान आपल्या सवयीने "हाय!" म्हणाला, म्हणजे हो.

मोरी-सेन्सेईंनी मान हलवली. सगळं बरोबर होतं. त्या वळल्या.

आणि मुग्धाने ताट चाळणीत उलटलं आणि नळ सोडला.

मोरी-सेन्सेई थांबल्या. "हे काय?" त्यांनी मला विचारलं. मी मुग्धाला विचारलं.

"धुतेय," मुग्धा म्हणाली. "शेवटचं. कापताना, गोळी लावताना सगळा हात लागतो ना त्याला. ओट्याला लागतं. आमच्याकडे पानात वाढण्याआधी तीन पाण्यांनी..." ती बोलत बोलत माझ्या तोंडाकडे बघायला लागली. "काकू? तुम्ही असताना मी आधी धुवायचे, मग तुम्ही गोळी लावायच्या. मी एकटी झाल्यावर वाटलं, शेवटी एकदा धुऊन द्यावं. स्वच्छ. काकू?"

चाळणीतल्या माशांच्या कल्ल्यांतून पांढरट पाणी वाहत होतं. ती गोळी मऊ असते, लगेच विरघळते. आणि बी-वन पाण्यात निघून जातं. मासा नळाखाली सोडवायचा नाही, फ्रिजमध्ये सोडवायचा, याचंही कारण तेच होतं. हे सगळं मला त्या दिवशी कळलं, मोरी-सेन्सेईंनी नंतर सांगितलं तेव्हा. त्या वेळी मी फक्त बोलणं पोहोचवलं. "ती म्हणते, बितामिन लावल्यावर शेवटी पुन्हा धुते. रोज. ताट स्वच्छ जावं म्हणून."

मोरी-सेन्सेईंनी नळ बंद केला आणि पळत बॅगेकडे गेल्या. त्यांच्या वयाच्या कुणाला मी इतकं पळताना पाहिलं नव्हतं.

इंजेक्शन दिलं. मग थोड्या वेळाने आणखी एक. नराची तब्येतही तपासली, तो थोडा सुस्त होता इतकंच. तो पाजत नव्हता, त्याच्या अंगातली शिल्लक त्याला पुरली. हानाकडे जे होतं ते सगळं दुधातून पिल्लांकडे गेलं होतं, आणि शेवटी दुधातही काही उरलं नव्हतं. दोन्ही पिल्लांनाही सुईच्या टोकाएवढं औषध दिलं. दुपारी हानाची मान हळूहळू सरळ झाली. तिने डोकं उचललं, टाकलं, पुन्हा उचललं आणि शिट्टी वाजवली. पाणमांजर पिल्लांना तशी हाक मारतं. थोरल्याने माझ्या मांडीवरून उत्तर दिलं. धाकट्याचा श्वास तोपर्यंत माझ्या हातात थांबला होता. मी बराच वेळ त्याला चोळत राहिले, कारण सोडून दिलं तर ते सांगावं लागणार होतं.

मुग्धाने ते न सांगताच ओळखलं. मागच्या पायरीवर, रिकाम्या खोक्यांपाशी जाऊन बसली. मीही लंगडत गेले.

"मी मारलं त्याला, काकू."

खोटं बोलायला मला कधी जमलं नाही. "तू धुतलंस म्हणून गेलं," मी म्हटलं. "मारायचं असतं तर धुतलं नसतंस."

"त्यात काय फरक आहे?"

"त्याला काही नाही. तुला आहे."

इशिदा-सान बाहेर आला. मला वाटलं आता हिला घरी पाठवतो. तो तिच्यासमोर उभा राहिला आणि कमरेत वाकला, पार खाली. मुग्धा घाबरून उभीच राहिली. तो काहीतरी म्हणाला, ते मी तिला सांगितलं, "तो म्हणतो, मी रोज ऐकलं, पण बघितलं नाही. माझं चुकलं." मग मुग्धाही वाकली. दोघंही वर बघेनात. मला उभं राहवत नव्हतं, गुडघा ठणकत होता. मी म्हटलं, "आता पुरे. हानाला संध्याकाळचं ताट कोण करणार?"

"तुम्ही करा, काकू. मी हात लावणार नाही."

"मी कापते, तू गोळी लाव. आणि उद्या सकाळी वेळेवर ये."

"इशिदा-सान येऊ देतील?"

मी विचारलं. तो म्हणाला, "अशिता-कारा."

दुसऱ्या दिवसापासून पद्धत बदलली. गोळी ताटात नाही लावायची. गोळीचा मासा वेगळा न्यायचा, पाणमांजराच्या तोंडात हाताने द्यायचा, ते गिळेपर्यंत बघायचं, आणि मग बोट त्याच्या गळ्याकडे दाखवायचं. त्या ठिपक्यांकडे. "हाना, योशी!" मुग्धा आता पहिल्यासारखी ठणठणीत म्हणत नसे. पण म्हणायची.

आमच्या मत्स्यालयाच्या मागे, कचऱ्याच्या डब्यांपलीकडे, एक काळा दगड होता. तिथे मेलेल्या सगळ्या प्राण्यांसाठी वर्षातून एकदा सगळे जमायचो. भिक्षू यायचा, उदबत्ती लागायची आणि एकेकाने पळीने दगडावर पाणी घालायचं. सीलसाठीही तेच आणि खेकड्यासाठीही तेच. मला पहिल्यांदा हसू आलं होतं. आमच्या गावात माशासाठी कुणी उदबत्ती लावली असती तर गावाने त्याला वेड्यात काढलं असतं. त्या वर्षी मुग्धाची पाळी आली तेव्हा तिने पळी हातात घेतली, पाण्यात बुडवली आणि तशीच थांबली. मग पळी माझ्या हातात दिली. मी तिच्या वाटणीचंही पाणी घातलं.

आता ते मत्स्यालय नाही. मालक म्हातारा झाला, इमारतही म्हातारी झाली, दोघांचीही डागडुजी परवडेना. शेवटच्या दिवशी मी फ्रीझर रिकामा केला, पुसला आणि दार उघडंच ठेवलं. वाफ आली नाही. इशिदा-सानने रेडिओ मला दिला. तो माझ्या स्वयंपाकघरात आहे आणि त्यावर मला गाणी आवडत नाहीत, बेसूर कुणी साथ करत नाही म्हणून. तोझाई लाइनला आता मला कुणी जागा देत नाही. दिली तर म्हातारी म्हणून देतात, वासाने नाही. सुपरमार्केटातून मी बांगडा आणते, साफ करते, आणि कधी कधी हात लगेच धूत नाही.

हानाला ओसाकाकडे पाठवलं. थोरलं पिल्लूही बरोबर गेलं. पुढे मुग्धाच्या नवऱ्याची बदली तिकडेच झाली. आता ती तिथे त्याच कामावर आहे, पूर्णवेळ. सासूबाईंना तिने सगळं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या म्हणे, "घरात येताना हात-पाय धू म्हणजे झालं." परवा तिने फोनवर चित्रफीत पाठवली. एक पाणमांजर मासा गिळतं आणि मान वर करतं, गळ्याखाली तांदळाच्या दाण्याएवढा एकच ठिपका. चित्रात मुग्धाचं नुसतं बोट दिसतं आणि आवाज ऐकू येतो. त्याच्या मागे दगडावर एक म्हातारी पाणमांजरीण झोपलेली आहे.

त्या दिवसातून हाना वाचली. थोरलं वाचलं. धाकटं वाचलं नाही.